दऱ्याखोरी सापडेना

मालाड स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची संस्था आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही पुस्तकं रेकॉर्ड करतो. जागा तीन खोल्यांची. दोन खोल्यांत भिंतींना फोम लावून वाचणाऱ्यांची सोय केली आहे, आणि तिसरीत बाकी सगळं: टेबलं, कपाटं, पाण्याचा कूलर, सर्व्हर आणि मी. कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. जोगेश्वरीला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी कॉम्प्युटरचा फुकट क्लास चालायचा, तिथून माझी सुरुवात झाली. डिग्री नंतर, नोकरी करता करता घेतली. म्हणून असेल, पण मशीनच्या बाबतीत मी जरा ताठ होतो. सिस्टीम मी बसवली म्हणजे ती नीटच बसवलेली असणार, असं मला मनापासून वाटायचं.

संस्थेत माझ्याही आधीपासून एक ताई आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, जन्मापासून अंध. रेकॉर्ड झालेलं प्रत्येक पुस्तक त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात, कुठे पान सुटलं असेल, कुठे वाचणाऱ्याचा मोबाईल वाजला असेल ते टिपतात, आणि मग ते सर्व्हरवर ठरलेल्या जागी ठेवतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम आहे. त्याचा वेग त्यांनी एवढा वाढवून ठेवला आहे, की शेजारी बसलेल्या माणसाला नुसती किरकिर ऐकू येते. त्यांना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळतो.

ताई चारकोपला राहतात. मागे त्यांच्या सेक्टरमधला फूटपाथ गटाराच्या कामासाठी खणून ठेवला आणि काम रखडलं. पांढरी काठी घेऊन तिथून चालायचं म्हणजे रोज जिवावरचा खेळ. एकदा घोटा मुरगळला, तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, सांगितलं की आठवड्यातले चार दिवस घरून काम करा. घरी त्यांचं नेट कधी चाले, कधी नाही. म्हणून मी त्यांना एक लॅपटॉप तयार करून दिला. सर्व्हरवरच्या फोल्डरांची प्रत त्याच लॅपटॉपमध्ये राहील अशी सोय केली. नेट नसलं तरी फाइली हाताशी, आणि ऑफिसला येऊन केबल जोडली की इकडचं तिकडे, तिकडचं इकडे आपोआप जुळून जाणार.

पहिल्याच आठवड्यात ताईंचा फोन आला.

"अरे, सर्च चालत नाहीये. काहीही टाइप कर, 'शून्य आयटम' म्हणतंय."

"फोल्डर उघडतोय ना?"

"फोल्डर उघडतो, फाइल वाजते. फक्त शोधून मिळत नाही."

मी म्हटलं, शुक्रवारी येताना लॅपटॉप घेऊन या. त्या आल्या. केबल लावली, मी 'इतिहास' टाइप केलं, धडाधड यादी आली. "चालतंय की ताई," मी म्हणालो. त्यांनी स्वतः टाइप करून पाहिलं, तेव्हाही चाललं. त्या लॅपटॉप पिशवीत घालून घरी गेल्या आणि सोमवारी परत फोन: शून्य आयटम.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी जे बोललो ते मला आजही नीट आठवतं. "ताई, टायपिंगमध्ये काहीतरी होत असेल तुमचं. किंवा मशीन भलतंच वाचत असेल." त्या एवढंच म्हणाल्या, "असेल."

डोळस माणसाला सर्च नसला तरी फारसं अडत नाही. यादीवरून नजर फिरवली की सापडतं. ताईंना एकेक नाव ऐकत खाली जावं लागतं, आणि आमच्याकडे फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी त्यावर विचार केला नव्हता.

त्यातच बीडकडच्या एका मुलीचा फोन आला. एम. ए. करत होती, भूगोल विषय. सह्याद्रीतल्या दऱ्याखोऱ्यांवरचं एक पुस्तक तिला हवं होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर. ताई तिला लगेच म्हणाल्या, "आहे आपल्याकडे. मी स्वतः ऐकलंय." फाइलीचं नावही त्यांच्या लक्षात होतं, नुसतं 'दऱ्याखोरी' आणि पुढे क्रमांक. फक्त कुठल्या वाचकाच्या फोल्डरात आहे ते आठवेना. पुस्तकं आम्ही वाचकाच्या नावाने ठेवायचो, आणि वाचक शेकड्यांनी होऊन गेलेले.

घरी ताईंना शून्य आलं. ऑफिसात मी शोधलं, मलाही शून्य. सरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर शोधलं, तिथेही तेच. बाकीची पुस्तकं मात्र पटापट मिळत होती.

सोमवारच्या मीटिंगला ताई फोनवर होत्या, स्पीकर लावून. सर माणूस वाईट नाही, पण घाईचा.

"ताई, रेकॉर्डिंग झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण सर्व्हरवर चढवायचं राहिलं असेल."

"राहिलं नाही सर. मी चढवलंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टीममध्ये काही प्रॉब्लेम?"

"नाही सर," मी म्हणालो. "सिस्टीम ओके आहे."

मग सरांनी ठरवलं, पुस्तक पुन्हा रेकॉर्ड करायचं. बोरिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे वाचायला येतात, त्यांना त्याच दुपारी विचारलं. मीटिंगचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडेच. मी लिहिलं: 'सदर पुस्तक सर्व्हरवर चढवण्यात आलेले नसल्याचे आढळले.' खाली जबाबदार व्यक्ती असा रकाना होता. त्यात ताईंचं नाव.

त्यानंतर ताईंचे फोन बंद झाले. म्हणजे कामाचे यायचे, पण सर्चची तक्रार संपली. शुक्रवारी आल्या, लॅपटॉप स्वतःच केबलला लावला, त्यांचं त्यांनी काम केलं आणि गेल्या. मला आधी बरं वाटलं. मग दोन दिवसांनी बरं वाटेना. सतत कुरकुरणारा माणूस गप्प झाला तर चालतं. ताई कुरकुरणाऱ्या नव्हत्याच. उगाच कशाला फोन करतील, हा विचार मला आधी यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात माईकचे दोन स्टँड वेल्डिंग करून आणायला मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेलो. काम व्हायला वेळ होता. मी ताईंना फोन लावला.

"इथेच आहे जवळ. येऊ का? लॅपटॉप बघतो."

"ये," त्या म्हणाल्या. "पण चहाला ये. दुरुस्तीचं राहू दे."

दार त्यांच्या मिस्टरांनी, म्हणजे काकांनी, उघडलं. तेही अंध, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. "चप्पल डावीकडे काढ हां," ते म्हणाले, "मध्ये ठेवलीस तर मी आपटेन." आत गेलो. ताई टेबलापाशी बसल्या होत्या, काम चालू होतं. मी म्हटलं, ताई, तुम्ही नेहमी जसं शोधता तसं शोधा, मी फक्त मागे उभा राहतो.

त्यांनी 'इतिहास' टाइप केलं. बरोबर, शुद्ध, एकही चूक नाही. मशीन किरकिरलं.

"काय म्हणालं?"

"शून्य आयटम."

पडद्यावर तेच होतं. मी वाकून स्वतः टाइप केलं. शून्य. 'मराठी' टाइप केलं. शून्य. त्यांनी फोल्डर उघडून दाखवला, आत फाइली होत्या, व्यवस्थित वाजत होत्या. पंधरा मिनिटं मी इकडे-तिकडे बघत राहिलो आणि मग एका जागी थांबलो.

कॉम्प्युटर शोधतो म्हणजे दर वेळी घर धुंडाळत नाही. त्याने आधीच एक सूची करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि तो त्या सूचीत बघतो. ऑफिसात केबल लावली की ताईंचा लॅपटॉप सर्व्हरची सूची विचारायचा. सर्व्हरची सूची झकास होती. घरी मात्र त्याला स्वतःच्या सूचीवर भागवायला लागायचं. त्या सूचीत काय काय घ्यायचं याची एक यादी सेटिंगमध्ये असते. तीत 'ऑफलाइन फाइल्स' असा एक चौकोन होता, आणि त्यावर टिक नव्हती. म्हणजे घरी आणलेल्या सगळ्या पुस्तकांची लॅपटॉपच्या सूचीला खबरच नव्हती.

आणि ती टिक काढली होती मीच. लॅपटॉप तयार करताना सूची बनवण्याच्या नादात मशीन मंद झालं होतं, बोलणारा प्रोग्राम अडखळत होता. ताईंना त्रास नको म्हणून मी तो चौकोन रिकामा केला, नंतर बघू म्हटलं, आणि साफ विसरलो.

"ताई."

"हं."

"सर्च घरी चालतच नव्हता. कधीच. माझ्यामुळे."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "आता चालेल का?" त्यांनी विचारलं.

मी टिक केली. सूची नव्याने बनायला वेळ लागणार होता, आणि तोपर्यंत लॅपटॉपला हात न लावलेलाच बरा, कारण कोणी काम करत असलं की सूची बनणं मागे पडतं. आम्ही चहा घेतला. काकांनी चारकोपला ते राहायला आले तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा म्हणे इथे रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. मी मध्येच खाली जाऊन स्टँड घेऊन आलो. परत आलो तोपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि घरात चांगलाच अंधार. मी धडपडत खुर्ची शोधली, स्टँड कशाला तरी लागला.

"अरे!" ताई हसल्या. "तुला लाईट लागेल ना. काय हो, बटण कुठलं?"

"दाराजवळचं वरचं," काका म्हणाले. "चालू असेल तर."

चालू होतं. मग ताईंनी 'इतिहास' टाइप केलं आणि मशीनने एक आकडा सांगितला. त्यांनी तो हळू वेगात मला ऐकवला: चारशे बारा. काकांनी आतून विचारलं, "मिळालं?" ताई म्हणाल्या, "मिळालं."

मग त्यांनी 'दऱ्याखोरी' टाइप केलं.

शून्य आयटम.

माझ्या मनात काय आलं ते त्यांनी ओळखलं असावं. "बोल, बोल," त्या म्हणाल्या. "म्हण, 'ताई, चढवलीच नसेल.'"

"नाही ताई, तसं नाही."

"तसंच. पण आता जायची घाई नसेल तर बस. आज मी शोधतेच."

आणि त्या यादी ऐकत खाली जाऊ लागल्या. एक फोल्डर, त्यातली पाच-सात नावं, बाहेर, पुढचा. बाण दाबणारं बोट थांबत नव्हतं. मी म्हटलं, मी बघू का डोळ्यांनी, पटकन होईल. "गप्प बस जरा," त्या म्हणाल्या, "मला ऐकू दे." पाऊण तास गेला असेल. मग बोट थांबलं. त्या यादीत एक नाव मागे गेल्या, परत पुढे.

"ही बघ."

होती. दऱ्याखोरी, एक ते सव्वीस. वाजवून पाहिली. एका बाईंचा शांत, स्वच्छ आवाज. त्या बाई पुण्याला राहायला गेल्या होत्या, म्हणून कोणाच्या लक्षात नव्हत्या. ताईंनी ज्या दिवशी चढवली ती तारीखही तिथे होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण डोकं भंजाळलं. फाइल समोर. वर सर्चच्या चौकटीत तेच नाव. दोन्ही नावं अक्षरशः सारखी. आणि मशीन म्हणतंय, नाही.

"एक सांगू?" ताई म्हणाल्या. "हे दोन शब्द वेगळे आहेत."

"एकच आहेत ताई. मला दिसतायत ना."

"तुला दिसतायत. तू ऐक."

त्यांनी वेग अगदी कमी केला. आधी त्यांनी स्वतः टाइप केलेला शब्द: मशीनने सरळ 'दऱ्याखोरी' म्हटलं. मग फाइलीचं नाव. मशीन 'दर' म्हणून किंचित अडलं आणि मग 'याखोरी' म्हणालं. मी परत ऐकवायला सांगितलं. परत तसंच.

"हे मी तुला मागे सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "काही नावं मशीन ठेच लागल्यासारखी वाचतं म्हणून. तू म्हणालास, आवाजाचं पॅकेज जुनं आहे."

म्हणालो होतो. आठवलं.

मग आम्ही एकेक अक्षर वेगळं करून ऐकलं. दऱ्यातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर त्यासाठी वेगळा र आहे. दुसऱ्यावर साधा र, पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. पण मशीनच्या लेखी ते दोन निराळे शब्द, आणि एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं मिळत नाही. पुण्याला गेलेल्या बाईंनी नाव त्यांच्या जुन्या कीबोर्डवर लिहून दिलं होतं, आणि ऑफिसात आता सगळेच नव्यावर लिहितो. संस्थेतल्या आम्हा डोळस माणसांपैकी एकालाही हे वर्षानुवर्षं कळलं नाही, कारण आम्ही बघत होतो. ऐकणारी माणसं तीन-चारच, आणि त्यातल्या ज्यांनी सांगितलं त्यांना मी पॅकेजचं कारण दिलं.

निघताना मी दारात उभा राहून काहीतरी माफीचं बोलायला लागलो. ताईंनी मला पुरं बोलू दिलं नाही. "इथे नको," त्या म्हणाल्या. "माझी चूक मीटिंगमध्ये लिहिली गेली, इथे नाही. सोमवारी बोल."

रविवार मला मोठा गेला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलून टाक ना. एवढं काय त्यात?" एवढं काय त्यात हे मला तिला नीट सांगता आलं नाही. सिस्टीम ओके आहे, हे वाक्य मी किती सहज बोललो होतो.

सोमवारी मीटिंग सुरू झाल्या झाल्या मी हात वर केला, शाळेत करतात तसा. सगळं सांगितलं. टिक मी काढली, ताईंनी तीनदा सांगूनही घरी जाऊन पाहिलं नाही, नावातला घोळ त्यांनी आधीच सांगितला होता आणि मी उडवून लावला. फाइल होती. सरांनी चष्मा काढून पुसला. बोरिवलीच्या बाईंचे सहा धडे पुन्हा वाचून झाले होते, त्यांना काय सांगायचं याचा ते विचार करत असावेत. मग स्पीकरकडे तोंड करून म्हणाले, "ताई, सॉरी हां. मीही घाई केली."

"ठीक आहे सर," फोनमधून आवाज आला. "फक्त वृत्तांत दुरुस्त करा. मागचा. माझं नाव आहे त्यात."

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून ते वाक्य खोडलं, नवीन लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव घातलं. ताई म्हणाल्या, "'आढळले' नको. 'आमच्या चुकीमुळे सापडले नाही' असं साधं लिही." तसं लिहिलं.

बोरिवलीच्या बाईंना मीच फोन केला. त्या खळखळून हसल्या. "अरे, मला काय, मी परत वाचेन. पुस्तक छान आहे."

पुढचा महिनाभर दर शुक्रवारी ताई आणि मी शेजारी बसून नावं दुरुस्त करत होतो. शेतकऱ्यांचे, किनाऱ्यावरचे, तिसऱ्या इयत्तेचे, जिथे जिथे तो र आला तिथे तिथे. एकदम बदलणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता, तरी ताईंचा त्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक बदललेलं नाव त्या ऐकायच्या आणि मग 'पुढे' म्हणायच्या. दोनदा प्रोग्रामने गडबड केली ती त्यांनीच पकडली. या शोधात अशी नऊ पुस्तकं निघाली जी 'नाहीत' म्हणून आम्ही दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून घेतली होती. सर म्हणाले, जुनी काढून टाका, जागा होईल. ताईंनी साफ नाही म्हटलं. एकाच पुस्तकाला दोन आवाज असले तर मुलं आपल्याला रुचेल तो घेतील, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही ठेवली.

बीडच्या मुलीला पुस्तक त्या सोमवारीच पाठवलं होतं. परीक्षा झाल्यावर तिचा ताईंना फोन आला, तेव्हा मी शेजारीच होतो, ताईंनी स्पीकर लावला.

"पेपर कसा गेला गं?"

"बरा गेला ताई. पुस्तक सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं. पण त्यातलं काहीच आलं नाही. सगळं हवामानावर विचारलं."

"वाट लागली म्हणायची," ताई म्हणाल्या.

"नाही हो, हवामान मला येतं," मुलगी म्हणाली, आणि मग तिने विचारलं की समुद्रकिनाऱ्यांवर असंच एखादं पुस्तक तुमच्याकडे आहे का. ताईंनी तिला थांबायला सांगितलं आणि टाइप करायला घेतलं.